तिरप्या ठळक अक्षराचें औचित्य

काव्याची समीक्षा होते, नाटकाची होते, चित्राची आणि गाण्याचीहि होते. परंतु ज्या अक्षरांच्या द्वारें काव्य वाचकाच्या डोळ्यांपर्यंत पोंचतें त्या अक्षरांच्या रूपाचीहि समीक्षा करावयाची असते, ही जाणीव मराठी टीकावाङ्मयांत अद्याप फारशी रुजलेली नाहीं. मुद्रणाचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला आहे. अ. का. प्रियोळकरांचा भारतांतील छापखान्याविषयींचा इंग्रजी ग्रंथ १९५८ मध्यें निघाला. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील त्रिखंडात्मक ग्रंथ महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयानें १९७१ मध्यें प्रसिद्ध केला. परंतु इतिहास निराळा आणि समीक्षा निराळी. अमुक अक्षर केव्हां व कोणीं ओतलें हें इतिहास सांगतो. तें अक्षर चांगलें कीं वाईट, आणि ज्या कामास लावलें त्या कामास तें शोभतें कीं नाहीं, हें सांगणें समीक्षेचें काम होय.

हा विषय आज हातीं घेण्यास तसेंच कारण घडलें आहे. २०१७ च्या दुकानें व आस्थापना अधिनियमांत २०२२ मध्यें दुरुस्ती होऊन दहांहून कमी नोकर असलेल्या लहान दुकानांसहि मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, आणि पाटीवरील मराठी अक्षरें दुसऱ्या कोणत्याहि लिपींतील अक्षरांहून लहान असूं नयेत असें ठरलें. व्यापाऱ्यांनीं हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. तेथें सप्टेंबर २०२३ मध्यें त्यांस पाट्या बदलण्यासाठीं दोन महिन्यांची मुदत तेवढी मिळाली. तेव्हांपासून पुण्यांत लक्ष्मी रस्त्यापासून बाणेरपर्यंत कितीतरी पाट्या नव्या झाल्या. मराठी अक्षर मोठें झालें, ही आनंदाची गोष्ट आहे. तें चांगलें झालें काय, या प्रश्नाचें उत्तर मात्र कायद्याजवळ नाहीं. कारण कायद्याच्या हातांत फूटपट्टी असते, डोळा नसतो.

या नव्या पाट्यांवर एका विशिष्ट अक्षररूपाची गर्दी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरते. तें रूप म्हणजे जाड, एकसारख्या जाडीचें, आणि उजवीकडे झुकलेलें अक्षर. व्यायामशाळा, मोबाईलचें दुकान, मालवाहतूक करणारी कंपनी, स्पर्धापरीक्षांचा वर्ग, घरपोंच जेवण देणारा भटारखाना, या सर्वांस तें प्रिय आहे. चौकाचौकांत लागणाऱ्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तर त्याचेंच राज्य चालतें. इंग्रजी जाहिरातशास्त्रांत याला बोल्ड ऑब्लिक सॅन्स-सेरिफ असें लांबलचक नांव आहे. आम्ही यास तिरपें ठळक अक्षर असें सुटसुटीत नांव देतों, आणि त्याचे गुणदोष येथें थोड्या विस्तारानें पाहतों.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं हें रूप मूळचें रोमन लिपींतील आहे, आणि तेथेंहि तें एकाएकीं जन्मलेलें नाहीं. त्याचे तीन गुण तीन निरनिराळ्या वाटांनीं आले. तिरपेपणा प्रथम आला. व्हेनिसच्या आल्डस मनुतियस यानें १५०१ मध्यें व्हर्जिलच्या काव्याची लहान आवृत्ति काढली, तिच्यासाठीं फ्रांचेस्को ग्रिफो यानें विद्वानांच्या भरभर लिहिलेल्या हस्ताक्षरावरून तिरपें अक्षर कोरलें. तें संबंध ग्रंथ छापण्यासाठीं होतें. मजकुरांतील एखाद्या शब्दावर जोर देण्यासाठीं तिरप्या अक्षराचा उपयोग करणें ही पुढची गोष्ट. दुसरा गुण सेरिफ नसणें. सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या दंडाच्या टोकाशीं असलेली बारीक आडवी खुंटी. ती वगळून केलेला पहिला छापील टाइप लंडनच्या कॅस्लन ओतशाळेनें १८१६ मध्यें दाखविला. त्यांत केवळ मोठीं अक्षरें होतीं. सॅन्स-सेरिफ हें नांव व्हिन्सेंट फिगिन्स यानें १८३२ मध्यें वापरलें. तिसरा गुण जाडपणा. तो एकोणिसाव्या शतकांतील भिंतीवरच्या जाहिरातींच्या चढाओढीनें वाढविला. शेजारच्या जाहिरातीपेक्षां आपली जाहिरात आधीं दिसली पाहिजे, एवढेंच त्यामागचें तत्त्व होतें.

हे तीन गुण एकत्र आल्यावर अक्षरास एक नवा अर्थ प्राप्त झाला. धांवणारा मनुष्य पुढें झुकतो. म्हणून झुकलेलें अक्षर धांवतें आहे असें डोळ्यास वाटतें. जाडपणामुळें बळ आणि सेरिफ नसल्यामुळें सफाई सूचित होते. बळ, सफाई व वेग या तीन गोष्टी विसाव्या शतकाच्या यंत्रयुगास देवासारख्या होत्या, म्हणून तें शतक या अक्षरास भुललें. साहित्यशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर येथें अभिधेचें काम शब्द करतो आणि व्यंजनेचें काम अक्षराचें रूप करतें. 'अमुक वाहतूक' हे शब्द केवळ धंदा सांगतात. 'आमची गाडी उशीर करीत नाहीं' हें अक्षराचा झोक सांगतो. ही व्यंजना खरोखर साधली तर तिला कमी लेखण्याचें कारण नाहीं.

परंतु रोमन लिपींतहि अक्षर नुसतें एका बाजूस लोटून ती साधत नाहीं, हें तेथल्या जाणत्यांनीं ओळखलें होतें. स्टॅन्ली मॉरिसन या इंग्रज मुद्रणपंडितानें १९२६ मध्यें निबंध लिहून असें प्रतिपादलें कीं आदर्श तिरपें अक्षर म्हणजे उभेंच अक्षर कललेलें असावें. मत मोठें तर्कशुद्ध होतें. तथापि त्याच्याच देखरेखीखालीं १९३२ मध्यें टाइम्स न्यू रोमन हा टाइप तयार झाला तेव्हां त्याच्या तिरप्या रूपांत हा आग्रह राहिला नाहीं. डोळ्यानें तर्कावर मात केली. याच्या उलट उदाहरण रोजेर एक्सकोफों या फ्रेंच कलावंताच्या 'बांको' या टाइपाचें. मार्सेच्या ओलिव्ह ओतशाळेनें तो १९५१ मध्यें काढला, आणि फ्रान्समधील दुकानांच्या पाट्यांवर तो सर्वत्र पसरला. तोहि जाड, तोहि तिरपा. पण त्याचें प्रत्येक अक्षर पत्र्याची पट्टी कातरून वांकवावी तसें स्वतंत्र घडविलेलें आहे. दंड माथ्याशीं रुंद व पायाशीं निमुळता होत जातो. उभें अक्षर ढकलून तें झालेलें नाहीं. तें जन्मतःच धांवणारें आहे. आमच्या पुढील विवेचनांत या टाइपाची आठवण वाचकांनीं ठेवावी, कारण माथ्याशीं भार आणि पायाशीं निमुळतेपणा हा गुण देवनागरीला परका नाहीं.

आतां देवनागरीकडे वळूं. येथें पहिली अडचण अशी कीं सेरिफ नांवाची वस्तूच आपल्या लिपींत नाहीं. तेव्हां ती काढून टाकणार कोठून? देवनागरींत सॅन्स-सेरिफ म्हणून जें रूढ झालें आहे तें वास्तविक बोरूच्या लेखनांतील जाड-बारीक भेद काढून टाकलेलें अक्षर होय. रोमन अक्षरानें खुंटी टाकली. आपल्या अक्षरानें बोरू टाकला. हा त्याग फार मोठा आहे. रोमनांत खुंटी गेली तरी सांगाडा तसाच राहतो. देवनागरींत मात्र कोणती रेघ आधीं काढली, हात कोठें वळला, कोठें दाब पडला, हें सर्व त्या जाड-बारीकपणांतच नोंदलेलें असतें. ज्यानें एकदां बोरूनें 'क' गिरविला आहे त्याला निर्णयसागरच्या 'क' मध्यें तोच हात ओळखूं येतो. जावजी दादाजी यांनीं १८६४ मध्यें मुंबईस टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्या हातानें तेथें कोरलेल्या अक्षरांनीं संस्कृत व मराठी ग्रंथांस जें रूप दिलें तेंच पुढें पिढ्यान्‌पिढ्या आपलें वाचनाचें वळण होऊन बसलें.

या परंपरेंत जाड अक्षर होतें, बारीक होतें, लहान व मोठें होतें. तिरप्या अक्षरास मात्र तींत मानाचें स्थान नव्हतें. ज्या शब्दावर जोर द्यावयाचा तो जाड टाइपांत जुळवावा, ही आपली रीत. याचें एक कारण यंत्रांतील असावें. मुंबईच्या पद्धतींत मात्रा, रफार, अनुस्वार वर, मूळ अक्षर मध्यें, उकार व ऋकार खालीं, असे वेगवेगळे खिळे एकमेकांस भिडवून अक्षर पुरें होई. उभ्या दंडाच्या डोक्यावर वरचा खिळा सरळ बसतो. दंड कलला म्हणजे वरचा खिळा उजवीकडे आणि खालचा डावीकडे सरकवावा लागतो. जुळाऱ्याच्या हालांस मग पार राहिला नसता. परंतु दुसरें कारण अधिक खोल आहे. भरभर लिहिण्यासाठीं आपल्याजवळ मोडी होती. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील रुमालच्या रुमाल तिनें भरले आहेत. मोडींत प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढावयाची, आणि मग तिच्या खालीं हात शक्य तितका न उचलतां लिहीत जावयाचें. लिहिणाऱ्याच्या वळणाप्रमाणें अक्षरें थोडीफार कलतातहि. परंतु मोडीचा वेग कलण्यांत नाहीं, अखंडपणांत आहे. म्हणजे 'वेग म्हणजे पुढें झुकणें' हें रोमन समीकरण आपल्या लेखनाच्या इतिहासांत नव्हतें. आपलें समीकरण 'वेग म्हणजे न तुटणें' असें होतें. देवनागरीच्या शिरोरेघेंत त्याच अखंडपणाचें बीज आहे.

हा भेद लक्षांत न घेतां संगणकावर तिरप्याची कळ दाबली म्हणजे काय होतें, तें आतां हिशेबानें पाहूं. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे कवि व सुलेखनकार. त्यांच्या हातून झालेलें 'मंगल' हें अक्षर विंडोजच्या संगणकांतून घरोघर पोंचलें. त्याला तिरपें रूप त्यांनीं दिलें नव्हतें. तरीहि कळ दाबली कीं तें कलतेंच, कारण संगणक प्रत्येक बिंदु त्याच्या उंचीच्या प्रमाणांत उजवीकडे सरकवून मोकळा होतो. या सरकवण्यांत अक्षराचें क्षेत्रफळ बदलत नाहीं, रेघांची लांबी मात्र बदलते. म्हणून जी रेघ लांबते ती बारीक होते आणि जी आंखुडते ती जाड होते. बारा अंशांचा कल धरूं. आडवी शिरोरेघ होती तशीच राहते. उभा काना सुमारें दोन टक्के बारीक होतो. तें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. पण डावीकडून उजवीकडे चढणारी पंचेचाळीस अंशांची रेघ सुमारें दहा टक्के बारीक होते, आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ सुमारें अकरा टक्के जाड होते. एकसारख्या जाडीचें म्हणून ज्या अक्षराची ख्याति, त्याच्या दोन तिरक्या रेघांत जवळजवळ पावपटीचा फरक पडतो.

देवनागरीच्या दृष्टीनें हा अपघात विशेष दुःखद आहे. युरोपांतील रुंद टोंकाच्या लेखणीनें उतरती रेघ जाड येते. आपल्या बोरूचा काप उलट असल्यामुळें आपल्याकडे चढती रेघ जाड व उतरती बारीक येते. म्हणजे यंत्राचा झोक रोमन अक्षराच्या बाबतींत निदान लेखणीच्या दिशेनें चुकतो. देवनागरींत तो नेमका बोरूच्या विरुद्ध चुकतो. जें जाड असावें तें बारीक होतें, जें बारीक असावें तें जाड होतें. वाचकानें एखाद्या पाटीवरील 'र' पाहावा. त्याचा उतरता पाय सुजल्यासारखा दिसतो आणि पसरट असावयाचा तो उभट होतो. सर्व अक्षर पुढें धांवत असतांना तो पाय मात्र ब्रेक लावल्यासारखा रुतून बसतो. 'स' आणि 'ख' यांचीहि तीच गति. हलन्त चिन्ह व एकाराची मात्रा याहि उतरत्या रेघा असल्यामुळें त्याहि नको तेथें जाड होतात.

दुसरी गोष्ट शिरोरेघेची. रोमन शब्दांत उभे दंड हेच प्रमुख. ते कलले कीं शब्द कलला. देवनागरींत मात्र शब्दाच्या माथ्यावर एक अखंड, बळकट, आडवी रेघ असते आणि ती कलण्याचें साफ नाकारते. परिणामीं अक्षरें धांवतांना दिसत नाहींत. दोरीवर वाळत घातलेलीं धोतरें वाऱ्यानें एका अंगास जावीं तशीं दिसतात. धोतरें हलतात, पण दोरी कोठेंच जात नाहीं. याचा अर्थ देवनागरींत वेग दाखवितां येत नाहीं असा नव्हे. शिरोरेघ ही स्वतःच एका दिशेनें जाणारी रेघ आहे. शब्दास पुढें नेण्याचें निम्मं काम तिनें आधींच केलेलें असतें. म्हणून जेथें रोमन अक्षरास बारा अंश झुकावें लागतें तेथें आपल्या अक्षरास सहा-सात अंश पुरावेत, असें आमचें मत आहे. दोन्ही लिपी एका पाटीवर शेजारीं मांडतांना कल मोजून सारखा करणें म्हणजे समता नव्हे; दोहोंचा भास सारखा करणें ही समता.

तिसरी गोष्ट जाडपणाची, आणि येथें प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाहीं. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांतील भेद डाव्या अंगाच्या माथ्यावरील लहानशा गांठीवर किंवा शिरोरेघेंतील तुटीवर अवलंबून असतो. 'प' आणि 'ष' यांतील भेद पोटांतील एका रेघेवर. रेघा जाड होत गेल्या कीं हीं पोटें व तुटी बुजतात. रोमन लिपीच्या ओळींत अक्षराच्या वर व खालीं फारशी गर्दी नसते. आपल्याकडे मात्र 'कीर्ति' या साध्या शब्दांत वेलांटी, रफार आणि पुन्हां वेलांटी एवढा प्रपंच शिरोरेघेच्या वर मांडावा लागतो, आणि त्यासाठीं मूळ अक्षराची उंची आधींच कमी करावी लागते. कमी उंचीच्या अक्षरावर रोमनाइतकीच जाडी लादली कीं 'धनश्री' आणि 'घनश्री' यांत फरक उरत नाहीं. रस्त्यावरून जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसास पाटी वाचतां येत नाहीं; नुकतीं अक्षरें शिकलेलें मूल चुकीचें वाचतें आणि तेंच बरोबर समजतें. ज्या पाटीसाठीं कायदा केला ती जर मराठी वाचकालाच वाचतां येत नसेल, तर कायद्याचें शब्दशः पालन होऊन हेतु मात्र बुडाला असें म्हणावें लागेल.

तर मग हें अक्षर देवनागरींत चांगलें होऊंच शकत नाहीं काय? आम्हीं तसें म्हटलेलें नाहीं. जाडपणापुरतें बोलावयाचें तर मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळीचा 'बाळू' हा टाइप पाहावा. भारतांतील नऊ लिपींत तो तयार झाला, आणि देवनागरीखेरीज प्रत्येक रूपाच्या नांवापुढें त्या त्या भाषेंतील भावाचें नातें जोडून त्यांनीं मोठी गंमत केली. हें अक्षर अतिशय जाड आहे, पण गुदमरलेलें नाहीं. जेथें दोन रेघा मिळतात तेथें त्या किंचित् कृश केल्या आहेत, म्हणून पोटें उघडीं राहतात आणि गांठी ओळखूं येतात. जाडपणा हा सर्वत्र सारखा लिंपावयाचा लेप नसून जागा पाहून वांटावयाचा माल आहे, हें तत्त्व येथें उत्तम पाळलेलें दिसतें. मात्र हें अक्षर उभें व गुबगुबीत आहे. त्यांत खेळकरपणा आहे, धांव नाहीं, आणि तसा त्याचा दावाहि नाहीं.

धांवेचा प्रश्न 'पॉपिन्स' या टाइपांत येतो. इंडियन टाइप फौंड्रीनें तो २०१४ मध्यें काढला. त्याचें देवनागरी रूप निनाद काळे यांचें. वर्तुळ व सरळ रेघ यांवर उभारलेला, एकसारख्या जाडीचा, देवनागरी व रोमन यांस एका घरांत नांदविणारा असा हा टाइप आहे. बारीकांत बारीक ते अतिजाड अशीं नऊ वजनें आणि प्रत्येकाचें तिरपें रूप त्यांत आज मिळतें; त्यामुळें तिरपें ठळक देवनागरी अक्षर हवें असणाऱ्यास यंत्राच्या कळेवर विसंबण्याचें कारण उरलेलें नाहीं. त्याच्या उभ्या रूपांतील शिस्त, रोमनाशीं राखलेलें उंचीचें नातें, आणि जोडाक्षरांतील स्वच्छपणा हीं प्रशंसनीय आहेत. तिरप्या रूपाविषयीं आमची तक्रार इतकीच कीं सांगाडा उभ्या अक्षराचाच राहिला आहे. मॉरिसनच्या १९२६ च्या तर्काचें हें भारतीय अपत्य होय. लहान आकारांत एखादा शब्द वेगळा दाखविण्यास तें पुरेसें आहे. पांच हात लांबीच्या पाटीवर मात्र तें अक्षर स्वतः धांवत नाहीं, कोणीतरी त्याला पुढें केलें आहे असें वाटतें.

खरी धांव आम्हांस टाइपांपेक्षां हातानें काढलेल्या शीर्षकाक्षरांत आढळते. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनीं वर्तमानपत्रांतील नाटकांच्या जाहिरातींसाठीं जीं अक्षरें काढलीं त्यांत नाटकाची प्रकृतिच अक्षरांत उतरलेली असे. अशा हस्तलेखकांनीं झोक देण्याच्या तीन रीती साधल्या होत्या. कधीं काना सरळ ठेवून शिरोरेघच चढती काढावयाची. कधीं शिरोरेघ शब्दाच्या शेवटीं फटकाऱ्यासारखी लांबवावयाची. आणि कधीं दंड माथ्याशीं रुंद, पायाशीं निमुळता करून सारें अक्षर शिरोरेघेवरून सुटल्यासारखें दाखवावयाचें. या तिसऱ्या रीतींत आणि वर सांगितलेल्या 'बांको' मध्यें जें साम्य आहे तें अनुकरणाचें नसून स्वभावाचें आहे. जें अक्षर माथ्यावर टांगलेलें असतें त्याचा भार वर असणें स्वाभाविकच. म्हणून तिरप्या ठळक देवनागरी अक्षराचा मार्ग आम्हांस येथून जातांना दिसतो.

येथें एक जुना आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासांत लेखनक्रियेचें निरूपण केलें आहे. अक्षर वाटोळें असावें, सरळ असावें, मोकळें असावें, शाई काळीभोर असावी, आणि ग्रंथाच्या आरंभापासून शेवटापर्यंत तें एकाच लेखणीनें लिहिल्यासारखें दिसावें, असा त्यांचा उपदेश आहे. मग समर्थांनीं सरळ म्हटल्यावर तिरप्याची तरफदारी कशाला, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं समर्थ ग्रंथाविषयीं बोलत आहेत, पाटीविषयीं नव्हे. ग्रंथाच्या अक्षराचा गुण प्रसाद. तेथें अक्षर दिसूं नये, अर्थ दिसावा. पाटीच्या अक्षराचा गुण ओज. तेथें अक्षरानें आधीं थांबवावें आणि मग सांगावें. परंतु त्याच समासांतील मोकळेपणाची व सारखेपणाची अट पाटीसहि लागू आहे. आणि आम्हीं वर दाखविलेले दोष नेमके याच दोन अटींच्या भंगाचे आहेत. सरळपणा सोडण्याची मुभा देतां येईल, मोकळेपणा सोडण्याची देतां येणार नाहीं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. दुकानदार म्हणेल कीं पाटी आठ दिवसांत हवी, खर्च थोडा हवा, आणि गिऱ्हाईक कांहीं अक्षराच्या पायाची जाडी मोजीत नाहीं. यांतील पहिल्या दोन गोष्टी आम्हांस मान्य आहेत. तिसरी मान्य नाहीं. गिऱ्हाईक मोजीत नाहीं, पण त्याला जाणवतें. पाटीवर रोमन नांव तज्ज्ञाकडून आंखून घेतलेलें असतें आणि त्याच्या खालचें मराठी नांव ओढून-ताणून तसें केलेलें असतें, तेव्हां या दोहोंपैकीं घरचें कोणतें आणि आश्रित कोणतें हें पाहणाऱ्यास न सांगतां कळतें. आकार समान झाले तरी प्रतिष्ठा समान होत नाहीं. मराठीच्या सक्तीमागील हेतु प्रतिष्ठेचा होता, हें विसरून चालणार नाहीं.

आतां औचित्याविषयीं. क्षेमेंद्रानें अकराव्या शतकांत औचित्य हेंच काव्याचें जीवित ठरविलें; अक्षराच्या बाबतींत तर त्याहून खरें तत्त्व दुसरें सांपडणार नाहीं. कमरपट्टा गळ्यांत आणि हार कमरेला घातला तर दोन्ही दागिने हास्यास्पद होतात. तिरपें ठळक अक्षर व्यायामशाळेस शोभतें, क्रीडास्पर्धेच्या फलकास शोभतें, मालमोटारीच्या बाजूस शोभतें. तेंच अक्षर वैद्याच्या पाटीवर आलें तर रोग्याला घाई केल्यासारखें वाटतें. शाळेच्या पाटीवर आलें तर शिकवणीचा बाजार आठवतो. आणि सर्वांत मोठें अनौचित्य 'भावपूर्ण श्रद्धांजलि' या फलकांवर पाहावयास मिळतें. वाढदिवसाचा साचा संगणकांत तयार असतो. त्यांतील शब्द बदलले जातात, फोटोस हार चढतो, रंगहि कदाचित् उतरविला जातो. अक्षर मात्र तसेंच पुढें झुकलेलें, जाड, धांवत्या पवित्र्यांत उभें राहतें. गेलेल्या माणसाविषयींचा शोक शर्यतीच्या अक्षरांत मांडला जातो आणि कोणासहि त्यांत कांहीं खटकत नाहीं. अक्षराच्या समीक्षेची गरज आम्हांस कां वाटते हें या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावें. शब्दाचें औचित्य ज्याला कळतें त्या समाजास अक्षराचें औचित्य कळत नसेल, तर त्याचें वाचणें अर्धेंच झालें म्हणावयाचें.

यावर उपाय सरकारी हुकूम नव्हे. शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें मराठी वर्णमालेचीं प्रमाण रूपें ठरविलीं, तें आवश्यकच होतें. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' टिकविण्यास त्याचा उपयोग झाला. पण 'ल' कोणता हें हुकूम सांगूं शकतो, 'ल' कसा झुकावा हें सांगूं शकत नाहीं. तें काम अक्षरें काढणाऱ्यांचें, आणि त्यांहून अधिक तीं मागणाऱ्यांचें आहे. या बाबतींत पुण्यावर विशेष जबाबदारी आहे असें आम्ही मानतों. १९८८ मध्यें येथें स्थापन झालेल्या सी-डॅकनें भारतीय लिपी संगणकावर आणण्याचें मोठें कार्य केलें. येथल्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्री-लिपि'नें महाराष्ट्रांतील छापखाने व फ्लेक्सचीं दुकानें अक्षरांनीं भरून टाकलीं. त्या अक्षरांस नांवें नाहींत, क्रमांक आहेत. चालविणाराहि 'चौदा नंबर लावूं का?' असेंच विचारतो. नांव नसलेल्या वस्तूविषयीं मत बनत नाहीं, आणि मत नसलें कीं निवड राहत नाहीं. जें समोर येईल तें लावलें जातें.

म्हणून आमची सूचना साधी आहे. अभिनव कला महाविद्यालयासारख्या संस्थांतून अक्षररेखनाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तिरपें ठळक देवनागरी अक्षर हा एक स्वतंत्र प्रश्न म्हणून हातीं घ्यावा. कल थोडा ठेवावा; उतरत्या रेघा हातानें कृश कराव्या; 'घ' व 'ध', 'भ' व 'म' यांच्या गांठी मोकळ्या सोडाव्या; दंड माथ्याशीं भरीव आणि पायाशीं हलका करून पाहावा; 'र' चा पाय जेथें अडतो तेथें त्याला नवें वळण द्यावें; आणि केलेलें अक्षर पडद्यावर न तपासतां रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनें तपासावें. मासिकांनीं ज्याप्रमाणें नव्या पुस्तकांचीं परीक्षणें छापावींत त्याप्रमाणें नव्या टाइपांचींहि छापावींत, त्यांच्या कर्त्यांचीं नांवें घेऊन त्यांची स्तुति व निंदा दोन्ही करावी. दुकानदारास निवडण्याजोगें चांगलें अक्षर मिळालें तर तो वाईटाचा हट्ट धरील असें आम्हांस वाटत नाहीं. पाटीवर मराठीला जागा मिळाली आहे. त्या जागेंत 'र' चा पाय नीट काढणें एवढें काम अजून बाकी आहे.